पाहुण्यांचं पाणी

हैदराबाद, रविवार

आई, तुला आन् आबांना जयभीम.

मी बरी हाय. मेसचं जेवण आता सोसतं. फोन आबांच्या उशाशी असतो, म्हणून पत्र लिहितेय. एकटी असताना वाच.

पाण्यामुळं किडन्या खराब होतात का, ते शोधायला आमच्या विद्यापीठाची माणसं आपल्या वस्तीवर आली होती. तू पाण्याची बाटली भरून दिलीस. तिचा निकाल आला. पाणी एकदम चांगलं निघालं.

मला खरं वाटेना. बाटल्या आणणाऱ्या नाझियाला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या आईनं आतून भरून आणली. आम्हाला प्यायलाही तेच गार पाणी दिलं."

म्हंजी पाहुण्यांसाठी विकत आणलेला पाण्याचा जार. शेजारच्या पाच घरांनीही त्यातनंच भरलं, व्हय ना? सहाही निकाल एकसारखे हायत.

आजीच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं. आपल्या दारी कुणी पाणी मागितलं की तुला काय वाटतं, मला ठाऊक हाय. तुला बोल लावत न्हाई. पण आपली वस्ती यादीतून गेली. रक्त तपासायला डॉक्टर आता दुसऱ्या गावांना जाणार.

आबांच्या पायाची सूज उतरली का? मच्छिंद्रकाका डायलिसिसला दौंडला एकटेच जातात का अजून?

ही तपासणी करणाऱ्या सरांच्या हातापाया पडले. एक बाटली परत तपासतो म्हणालेत. संघर्षदादा इथनं शिरूरला येतोय, त्याच्याकडं रिकामी बाटली दिलीय. या बारीला चांगलं पाणी नको भरूस. आबांना रोज देतेस, तेच भर.

तुझी,
प्राची