फिदेलिनासाठी उभी केलेली गाडी

मी, अनास्तासिओ व्हिजाल्बा, वय एकाहत्तर, राहणार कासापा, पूर्वीचा धंदा ड्रायव्हरी, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही धाकदपटशाशिवाय हे लिहून ठेवतो. जगण्याची इच्छा उरलेली नाही. पण इच्छा नसणं म्हणजे वेड नव्हे, हे नोटरीसाहेबांनाही मान्य आहे.

राहतं घर, अंगण आणि विहीर मुलगा देर्लिस याला. कायद्यानं ते त्याचंच आहे. तो ब्वेनोस आयरेसला बांधकामावर असतो आणि परत यायचा नाही. त्यानं खुशाल विकावं. फक्त त्याच्या आईची खाट विकू नये, जाळून टाकावी.

आता गाडीविषयी. काळी, जर्मन, माझ्या मालकांची. जन्मभर मी ती चालवली आणि ते वारल्यावर बाईसाहेबांनी ती मला देऊन टाकली. तिला स्प्रिंगा नव्हत्या, हवेचे शॉकअप होते. खड्ड्यातून गेली तरी मागं बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. माझी बायको फिदेलिना हिच्या मणक्यात कॅन्सर निघाला तेव्हा ही गाडी चैनीची राहिली नाही. उपचार लांब असुन्सिओनला, रस्ता आमचा खड्ड्यांचा. बसनं एकदा नेली, तर उतरताना तिचा ओठ रक्ताळलेला होता. ओरडू नये म्हणून चावून धरला होता.

आणि नेमके तेव्हाच पुढचे दोन्ही शॉकअप गेले. रात्रीतून हवा निघून जायची आणि सकाळी गाडी म्हाताऱ्या बैलासारखी पुढच्या पायांवर बसलेली असायची. नव्या जोडीची किंमत ऐकून मी दुकानातून बाहेर आलो.

देर्लिस फोनवर म्हणाला, "बाबा, साध्या स्प्रिंगा टाका. सगळे तेच करतात. स्वस्तात काम होतं."

टाकल्या. गाडी उभी राहिली. पहिल्याच वळणावरच्या गचक्याला फिदेलिना म्हणाली, "अहो, ही आपली गाडी नव्हे." मी तिथूनच मागं फिरलो.

फिदेलिनाचा सख्खा भाऊ झेनोन. त्याच्या परसात अशीच एक गाडी, मागून ठोकलेली, पण पुढून धडधाकट, सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मी शॉकअप मागायला गेलो. विकत मागितले, फुकट नव्हे.

"दाजी, मी ती गाडी दुरुस्त करणार आहे," तो म्हणाला.

"कोंबड्यांना फिरायला न्यायला?"

"माझी वस्तू आहे. द्यायची की नाही, मी ठरवीन."

"बहीण तुझी आहे रे, झेनोन."

त्यानं येरबाच्या थंड चहाचा घोट घेतला आणि दुसरीकडे पाहिलं.

शेवटी कासिल्दा बेनितेस हिनं हात दिला. नवऱ्यामागं गॅरेज तीच चालवते. ती म्हणाली, "काका, जुने शॉकअप टाकून देऊ नका. लोखंड चांगलं आहे, वरचा रबरी फुगाच फाटलाय. फुगे मागवू, कड्या आवळून बसवू. किती टिकतील ते मात्र विचारू नका." तिनं तसंच केलं. चावी फिरवली आणि गाडी हळूहळू वर आली. फिदेलिना दारात खुर्चीवर बसून पाहत होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

पहिल्या खेपेला ती जाताना झोपून गेली. येताना रस्त्यावरचा चिपा, चीजचा पाव, मागून खाल्ला. दुसरी खेपही तशीच झाली. तिसऱ्या वेळी, फेब्रुवारीच्या उन्हात, व्हिजारिकाच्या अलीकडे डावा फुगा फाटला. गाडी चाकावर बसली ती हलेचना. शेवटी गुरांचा ट्रक थांबला. त्यात गवतावर तिला ठेवून घरी आणलं. त्या वाटेचं मी इथं लिहिणार नाही. खाटेवर टेकल्यावर ती म्हणाली, "अहो, मला आता कुठं नेऊ नका." मी पुष्कळ विनवलं. नाहीच गेली. मेमध्ये वारली.

कासिल्दाला मी दोष देत नाही, कोणी देऊही नये. गाडी आणि माझी सगळी हत्यारं तिला द्यावीत. तिनं गाडीचे सुटे भाग करून विकावेत. कोणाची तरी उभी राहील.

बँकेतल्या शिल्लकेतून मला मूठमाती द्यावी. जागा फिदेलिनाशेजारी घेतलेली आहे. प्रार्थनेला पाद्रीबाबा नसले तरी चालतील. माझं देवाशी बोलणं बंद आहे.

राहिला झेनोन. फिदेलिना गेल्यावर तिला घरात ठेवलेलं असताना तो आला. खांद्यावर पोतं. त्यात त्याच्या गाडीचे दोन्ही शॉकअप, पुसून तेल लावलेले. रडत म्हणाला, "दाजी, घ्या. मला वाटलं होतं, अजून वेळ आहे." लोकांनी त्याला धरून बसवलं. मी उठलो नाही. पोतं तेव्हापासून दारामागं आहे. माझ्यामागं ते झेनोनला परत द्यावं. त्यानं ते स्वतः उचलून, चालत न्यावं. त्याला माझ्याकडून दुसरं काही नाही, शिवीसुद्धा नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. कासिल्दाला यातून काही मिळणार असल्यानं तिची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार: एउसेबिया रोलोन, औषधांचं दुकान, शेजारीण
साक्षीदार: तेओदोरो कान्येते, निवृत्त मास्तर

सही: अनास्तासिओ व्हिजाल्बा
कासापा, पाराग्वे, १४ सप्टेंबर २०१६