गोगलगायीच्या पोटात

प्रिय ताई,

तुझी रजा मंजूर झाल्याची बातमी आईनं मला दुकानाच्या दारातूनच ओरडून दिली. तोंडात टाचण्या धरून कोणाला ओरडता येत नाही, पण आईला येतं. तू शाळेच्या वर्धापनदिनाला येणार या आनंदात तिनं एका गिऱ्हाइकाची पँट नको तितकी आखूड करून ठेवली आणि वर त्यालाच समजावलं की हल्ली अशीच घालतात. मीही हसले. फोनवर तू विचारतेस की नवी शाळा कशी आहे, आणि मी दर वेळी मस्त म्हणून मोकळी होते, कारण फोन दुकानात आणि आई शेजारी. म्हणून हे पत्र. तू गाडीत बसायच्या आधी ते तुझ्या हातात पडायला हवं.

शाळा मस्त नाही, ताई. नव्या हायस्कूलमध्ये सगळंच नवं असतं, हेच त्याचं दुखणं. भिंतींना अजून रंगाचा वास येतो. बाकांवर कोणाचं नाव कोरलेलं नाही, जिन्याची पायरी कुठे झिजलेली नाही. आमच्या वर कोणी वर्गच नाही, त्यामुळे आम्हीच सगळ्यांत मोठे, आणि आम्हालाच काही कळत नाही. घर बदललं तेव्हा मी मनाची समजूत घातली होती की तिथे सगळेच नवखे असतील, म्हणजे सगळे सारखेच. कसलं काय. पोरं जुन्या शाळांमधून टोळक्यांनी आली. मैत्रिणी त्यांनी घरूनच आणल्या होत्या, डब्यासारख्या. मी रिकाम्या हातानं गेले आणि मधल्या सुट्टीत कुठे उभं राहायचं हे मला वर्ष संपत आलं तरी ठरवता आलेलं नाही. बहुतेक वेळा मी नळावर पाणी पीत राहते. इतकं पाणी पिते की पुढच्या तासाला परवानगी मागावी लागते आणि त्यावरूनही हसतात.

पोरांमध्ये एकी यावी, शाळेबद्दल अभिमान वाटावा, हे काम मुख्याध्यापकांनी भूगोलाच्या बाईंवर सोपवलं. त्यांना आम्ही हुरूपबाई म्हणतो. त्या चांगल्या आहेत गं, म्हणूनच सगळं कठीण होतं. त्यांनी घोषणा लिहिल्या, झेंड्याचा रंग ठरवला आणि मग शाळेचं चिन्ह निवडायला मतदान ठेवलं. वाघ, गरुड, घोडा असं फळ्यावर लिहिलं होतं. इमारत बांधायला इतकी वर्षं लागली म्हणून कोणीतरी मागून ओरडलं, गोगलगाय. अख्ख्या सभागृहाचे हात वर. मुख्याध्यापक लालबुंद झाले, पण हुरूपबाई म्हणाल्या की या मुलांनी पहिल्यांदाच एकत्र काहीतरी ठरवलंय, ते मोडू नका. अशी आमची शाळा गोगलगायीची झाली. "गोगलगाय अन् पोटात पाय" म्हणून दुसऱ्या शाळा आम्हाला चिडवतात आणि आमची पोरंही तेच ओरडत मैदानात उतरतात.

सामन्यांत फिरवायचं गोगलगायीचं सोंग शिवायला बाई आपल्या दुकानात आल्या. तेवढं तुला आईकडून कळलंच असेल. मोठा फोमचा शंख, वर हिरवं कापड, डोक्यावर तारेची शिंगं. आईला अंदाज येईना, म्हणून तिनं मलाच स्टुलावर उभं केलं आणि माझ्या अंगावर बेतून कापलं. शिवून झाल्यावर बाईंनी तिघा-चौघांना घालून पाहिलं, कोणालाच बसेना. माझ्याच मापाचं होतं ते. मग बाईंनी मला हळूच विचारलं. अटी एवढ्याच होत्या की आत कोण आहे हे घरच्यांशिवाय कोणालाही कळता कामा नये, आत असताना तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि वर्षाच्या शेवटी, वर्धापनदिनाला, सगळ्यांसमोर मंचावर डोकं काढायचं. मी हो म्हणाले. ताई, वर्षभर पुरेल एवढा आनंद मला त्या दिवशी झाला होता.

आतून कसं दिसतं सांगू? गळ्याच्या जागी जाळी आहे, तिच्यातून बुटांपासून कमरेपर्यंतचं जग दिसतं. मी पोरांना बुटांवरून ओळखते. आत इतकं गरम होतं की घाम डोळ्यांत जातो आणि हात आत अडकलेले, पुसता येत नाही. तरी मला ते आवडायचं. मैदानाला संथ फेरी मारायची आणि प्रत्येक खेळाडूनं उतरण्याआधी शंखावर थाप मारायची, अशी प्रथाच पडली. आम्ही बहुतेक सामने हरलो. हरल्यावर सगळे गोगलगायीच्या गळ्यात पडतात. एकदा आमचा गोलकीपर शंखाला डोकं टेकून ढसाढसा रडला. मी त्याला आतूनच, कापडाआडून थोपटलं. त्यानं मला घट्ट धरलं होतं, ताई. या शाळेत मला त्याआधी कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

माझ्या बाकावर बसणारी मुलगीसुद्धा एकदा आली. सामना संपून मैदान रिकामं झालं होतं. तिनं शंखाला पाठ टेकली आणि बोलत राहिली. तिचे आईवडील वेगळे राहायला लागलेत, ती कोणाकडे राहणार हे तिला कोणी विचारतच नाही, असं बरंच. मी गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी ती म्हणाली की या शाळेत तुझ्याशिवाय कोणी माझं ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिच्याकडे बघून हसले. तिनं मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्याच कोणाकडे बघून हसतेय असं वाटून, आणि मग मला दप्तर सरकवायला सांगितलं.

सोंग घालायला मला सामन्याआधी खेळाच्या सामानाच्या खोलीत जावं लागतं आणि नंतर सगळे गेल्यावर निघावं लागतं. त्यामुळे मी प्रेक्षकांत कधी कोणाला दिसत नाही. एकदा कप्तानानं मला वर्गासमोर गाठलं. कप्तान म्हणजे बास्केटबॉलवाली, उंच, सगळ्यांची लाडकी, आणि खरं सांगायचं तर मनानंही चांगली. ती म्हणाली, "तू एकाही सामन्याला येत नाहीस. शाळेसाठी कधी काही करणार आहेस की नाही?" सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या केसांना तेव्हा फोमचा वास येत होता. मी म्हणाले, बघते. वर्धापनदिनाला यांची तोंडं बघण्यासारखी होतील, एवढ्या एका विचारावर मी ते वर्ष काढलं. रोज झोपताना मी तो प्रसंग मनात घोळवायची. डोकं काढलं, केस विस्कटलेले, क्षणभर शांतता, आणि मग सगळे एकदम. बाकावरची मुलगी धावत येते, इथपर्यंत मी पोचायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

गेल्या आठवड्यात हुरूपबाईंनी मला सामानाच्या खोलीत बोलावलं. आधी त्यांनी चेंडूंच्या जाळीची गाठ सोडली, मग पुन्हा बांधली. वर्धापनदिनाला वर्तमानपत्राचे लोक येणार आहेत, पुढच्या वर्षीच्या प्रवेशांसाठी पालकही येणार आहेत. मुलांमध्ये पैजा लागल्यात, आणि फेरीच्या वेळी कप्तान आत पाण्याच्या बाटल्या भरत असते, कोणाला दिसत नाही, म्हणून सगळ्यांना खात्री आहे की शंखात तीच आहे. त्यामुळे मुख्याध्यापकांना वाटतं, म्हणजे बाईंनाही वाटतं, की तिलाच बाहेर येऊ द्यावं. फेरी मी मारायची, पडद्यामागे सोंग उतरवायचं, ती घालणार आणि मंचावर जाणार. मी विचारलं, माझं काय चुकलं? बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "तुझं काहीच चुकलं नाही. पण मुलांचा हिरमोड होईल गं. तू समजूतदार आहेस."

हिरमोड. म्हणजे डोकं काढल्यावर आत मी निघाले तर. मी त्यावर भांडायला हवं होतं, तू असतीस तर भांडली असतीस. पण मला एकदम ते सगळं त्यांच्या नजरेनं दिसलं. शांतता, आणि मग कोणीतरी शेजारच्याला विचारतंय, ही कोण? आणि ताई, मला पटलं. मी हो म्हणाले. कप्तानाला अजून सांगितलेलं नाही, तीही कदाचित नको म्हणेल, पण बाई तिचंही मन वळवतील. मला या शाळेत आता कशाचीच वाट बघायची उरलेली नाही. सकाळी बूट घालताना पायात जीव नसतो.

आता आत्ताचं सांगते, कारण त्यासाठीच लिहायला बसलेय. बाईंनी सोंग घरी पाठवलं. कप्तान माझ्यापेक्षा उंच आणि खांद्यांनी रुंद आहे, तर आईला सांग की घट्ट होतंय, चांगली चार बोटं सैल कर, असा निरोप. मी आईला तेच सांगितलं. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. म्हणाली, "वाढलीस की गं. माझं लक्षच नव्हतं." मापाची टेपही न लावता तिनं खांद्याची शिवण उसवली. इथे मी कपाटाच्या आडोशाला बसून लिहितेय आणि तिकडे मशीन चाललंय. मधूनच ती बाबांना सांगते की मंचावर आपली पोर आतून निघेल तेव्हा त्यांनी फोटो हलवू नये. बाबांनी त्या दिवशीची कामाची पाळी बदलून घेतली आहे. ताई, माझ्याच्यानं तिला सांगवणार नाही. तू आदल्या दिवशी पोचशील, तेव्हा तू सांग. खरं सांगू नकोस, तिनं त्या दुसऱ्या मुलीसाठी टाके घातले हे तिला कळायला नको. सांग की मीच घाबरले, मंचावर जायला मीच नको म्हटलं, आणि ऐनवेळी कप्तानाला उभं केलं. तिला पटेल. एक प्रश्नही न विचारता पटेल, म्हणेल की आपली धाकटी आहेच बुजरी, आणि तिला लगेच पटेल हेच मला सहन होत नाही. बाकी सगळ्यांना बाई काय सांगायचं ते सांगू देत. तुला तरी खरं माहीत असावं म्हणून लिहिलं. मला बाहेर यायचं होतं गं.

तुझीच,
शेंडेफळ