फैजभाईच्या अंगणातलं प्लास्टिकचं गवत

४ मे २००८, चंद्रपूर

गवत पुन्हा जळलं! प्लास्टिकचं गवत. पाणी नको, खत नको म्हणून माझ्या भावानं, फैजभाईनं, नागपूरहून आणलं अन् दिवाळीत अंगणभर अंथरलं. नव्या खिडकीपुढं हातभर जागा मेणासारखी वितळली. भाऊ माझ्याकडंच पाहून राह्यला. "सईदा, इस्त्रीचे कोळसे कुठी टाकतेस?" म्हटलं, राखेच्या टोपल्यात. निशातभाभी गप्प. ती गप्प म्हणजे तिलेही तेच वाटते.

त्रेचाळीसची झाली मी. या घरात काही जळलं की पहिले माझंच नाव.

६ मे

नुसतं जळलंच नाई. खालची काळी माती उन्हानं फाटली, वरचं गवत तिच्यासंगं खाली बसलं. गवताच्या दोन पट्ट्यांमधला जोड उसवला. पाय अडकते. पाइपानं पाणी मारलं की घटकाभर थंड, मग नुसती वाफ — अन् रेनकोटचा वास.

तरी डोळे मिटून त्याच्यावर बसलं की आमचं जुनं गाव मोहर्ली आठवते. अब्बांची चहाची टपरी होती तिथी. मागं कमरेएवढं गवत. वारा आला की सारं एका अंगाले झुकायचं, जसं कोणी न दिसणारं चालून गेलं. हे गवत नाई झुकत. आडवं झालं तर आडवंच. मी खराट्यानं उभं करते.

९ मे

दुरुस्तीले माणूस आला. कय्यूमभाई, वडश्याचे. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे शिवतात, स्टेज सजवतात. उन्हाळ्यात नाटकं नसतात, तवा अशी कामं. भाभी म्हणे, बायको वारून लय वर्षं झाली.

गवत गुंडाळलं तसं खालचं अंगण उघडं पडलं. भेगा अशा की हात जाईन! ते उकिडवे बसून पाहत राह्यले. म्हणे, "सईदाबाई, ही माती झोपत नाई. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. वरून काहीही अंथरा, ती कूस बदलतेच."

दिवसभर तेच डोक्यात. कूस बदलतेच.

११ मे

काल दिवसभर काळी माती टोपल्यानं उपसली, मुरूम अन् गिट्टीची चुरी भरली, पाणी शिंपडून ठोकून घेतली. आज पहाटे जोड लावला. ऊन चढल्यावर गोंद हातातच वाळते. खाली पट्टी, पट्टीवर गोंद. कय्यूमभाई दोन्ही काठ जुळवत पुढं, मी दाबत मागं. कुठीतरी कोकीळ ओरडत होती.

एकदाच म्हणाले, "तुमचा हात लय शांत आहे."

मी मान वर केली नाई. बोटं गवतातच ठेवली.

१२ मे

खिडकीपुढं नवा तुकडा बसवला होता. दुपारी तोही वितळला! भाऊ दुकानातून येऊन कडाडला. आज तर मी इस्त्रीच पेटवली नाई. पण सांगून काय? कय्यूमभाई शांतपणे म्हणाले, "मी आज जात नाई. उद्या इथी बसून पाहू."

१३ मे

दुपारी ओसरीत बसलो, ते एका टोकाले, मी दुसऱ्या. घर सारं झोपलेलं. गरम हवेत अंगण हलत होतं, नदीच्या तळासारखं. माझेही डोळे जड झाले. तेवढ्यात गवतावर पांढरा कवडसा दिसला. खिडकीच्या काचेवरून उतरला अन् मासोळीवानी हळूहळू सरकत त्याच जागेवर आला. किती सुंदर! मी उठून त्याच्यात हात धरला — चटका!

"कय्यूमभाई! आग काचेवरून येऊन राह्यली!"

त्यांनीही हात धरला, झटकन काढला, अन् हसले. मोठ्यानं. घर जागं झालं. भाऊ आला, त्यालेही हात धराले लावला. "ही आरशासारखी काच तर मीच पसंत केली," एवढंच बोलला. माझी माफी नाई मागितली.

संध्याकाळी खिडकीवर बाहेरून बांबूची चटई बांधली.

१५ मे

काम झालं. वितळलेला तुकडा बदलला. चटई बांधल्यापासून नवा तसाच्या तसा आहे. जाताना कय्यूमभाई फाटकाजवळ थांबले. म्हणे, वडश्यात पडदे शिवाले माणूस भेटत नाई, तुमच्या हातासारखा हात पाहिजे.

माहीत नाई कुठून हिंमत आली. विचारलं, "शिवाले माणूस पाहिजे, की घरात?"

ते चपलेकडं पाहत राह्यले. मग म्हणाले, "दोन्ही म्हटलं तर लालची वाटीन."

"मग वाटा लालची," म्हटलं मी!

१६ मे

भाजीत मीठ दोनदा पडलं. भावानं जेवताना तांब्याभर पाणी पेलं.

१९ मे

भावाले लग्नाचं सांगितलं. आधी हसला. मग ताट सरकवलं. "या वयात? घर कोण पाहीन? लोक काय म्हणतीन?"

घर पहिले, लोक मग. माझं काय, ते विचारलंच नाई. मी उभीच. तेवढ्यात भाभी पोळी लाटता लाटता बोलली. वर पाह्यलं नाई, हात थांबवला नाई. "जाऊ द्या सईदाले. घर मी पाहीन. मीच पाहाले पाहिजे होतं."

भाऊ उठून बाहेर गेला. अंधार पडेपर्यंत गवतावर एकटाच बसला होता. मी चहा नेऊन ठेवला. त्यानं घेतला. हो म्हणाला नाई. नाईही म्हणाला नाई.

२२ जून, वडसा

परवा निकाह झाला. भाऊ आला होता. सहीच्या वेळेस त्यानंच पेन पुढं केलं.

आज समुद्राचा पडदा शिवाले घेतला. निळं कापड घरभर पसरलं, चूल सोडून पाय ठेवाले जागा नाई. म्हटलं, मी समुद्र पाह्यला नाई. कय्यूम म्हणे, "मी तरी कुठी पाह्यला! कर सुरू."