हनुवटीखालची खूण

कार्लोवो, १४ नोव्हेंबर

प्रिय कालिना,

तुझं पत्र आणि सहीचा कागद मिळाला. मी बरी आहे. मिरच्या भाजून बरण्या भरल्या, यंदा निम्म्याच. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?

माझा स्तोईमेन हाताने करायचा त्या खुणा तुमच्या शुश्रूषा केंद्रातल्या यंत्रमानवात, पेंचोत, राहू द्यायच्या की पुसायच्या, असं तू विचारलंस. मी लगेच ‘पुसा’ लिहिलं होतं. टपालात मात्र टाकलं नाही.

मला तो पेंचो कधीच आवडला नाही. अर्धांगवायूने माझ्या नवऱ्याची वाचा गेली, एकच हात हलता उरला. पहिल्या दिवशी पेंचोने विचारलं, “घेवड्याचं सूप देऊ?” स्तोईमेनने मान आडवी हलवली, आपल्या देशात ‘हो’ म्हणताना हलवतात तशी. त्या परदेशी शहाण्याने ‘नाही’ समजून वाटी उचलून नेली! मी पोट धरून हसले. पण दोन दिवसांत तो शिकला. मग बोट वाकवलं की उशी, तळवा उघडला की खिडकी. एक्केचाळीस वर्षं संसार केला मी, आणि मीच “पाणी? पांघरूण? दुखतंय का?” करत बसायची. स्तोईमेन चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचा.

तू म्हणालीस, “काकू, पेंचो घाई करत नाही ना, म्हणून त्याला कळतं.”

मी म्हटलं, “त्याला ना चूल, ना बाग, ना सासू. तो कशाला घाई करेल?”

तू हसलीस. मी चेष्टा करत नव्हते.

त्यानंतर मी वाचनालयातलं पुस्तक घेऊन तुमच्या अंगणातल्या बाकावर बसू लागले. तुला वाटलं, थकले असेन.

शेवटच्या आठवड्यात पेंचो तीनदा बाकापाशी आला. “स्तोईमेन तुम्हाला बोलावताहेत.”

“कशावरून?”

त्याने हनुवटीखाली गाठ मारल्यासारखा हात फिरवला. माझा डोक्याचा रुमाल, म्हणजे मी.

ही खूण मला ठाऊक नव्हती. त्याला होती. मी पान उलटत म्हटलं, “त्याला सांग, तू आहेस ना.” दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा उठले, तर स्तोईमेन झोपला होता. तो पुन्हा जागा झाला नाही.

तुला मी सांगितलं, स्तोईमेनने मला बोलावलंच नव्हतं, ती खूण माझी नव्हेच. तू पेंचोच्या नोंदीत ‘खूण चुकीची समजली’ असं लिहिलंस. मी ते तसंच राहू दिलं. ‘पुसा’ लिहिलं ते त्यामुळेच. मला साक्षीदार नको होता.

आता ‘ठेवा’ लिहून सही केली आहे. नोंद दुरुस्त कर, चूक पेंचोची नव्हती. बाकी खुणा हव्या त्या रोग्यासाठी वापरा. हनुवटीखालची तेवढी दुसऱ्या कुणाच्या बायकोसाठी वापरू नकोस.

तीनदा बोलावलेली,
नेदेल्या