घसरगुंडीसाठी गप्प

३ फेब्रुवारी
बालवाडीच्या पालकसभेला गेलो. पालक म्हणजे खरं तर चिरंजीव आणि सूनबाई, पण दोघांनाही ऑफिसातून यायला उशीर होतो. म्हणून नातीच्या वतीने मी. सभा मोठ्या गटाच्या खोलीत. खुर्च्या मुलांच्या, बसलं की गुडघे कानाला लागतात. अशा खुर्चीत बसून मुद्दा मांडता येत नाही, म्हणून उभा राहिलो.

विषय: घसरगुंडी. पत्र्याला भोक पडलं होतं. त्यात एकाची चड्डी फाटली, तेव्हा बाईंनी पत्राच काढून टाकला. आता नुसती शिडी उभी आहे. मुलं शिडी चढतात, वर उभी राहून इकडेतिकडे बघतात आणि शिडीनेच खाली येतात. आमची मुंगी (नात, वय चार) मधल्या सुट्टीत हेच करते. नवी घसरगुंडी महाग आहे आणि शाळेकडे पैसे नाहीत.

मी मूळचा अबोल माणूस. तरी दोन शब्द बोललो. निधी म्हणजे काय, तो का लागतो, मी नोकरीत ट्रेनिंग सेक्शनला असताना पंख्यांसाठी निधी कसा उभा केला, मग पंख्यांचं पुढे काय झालं, वगैरे. बोलणं संपलं तेव्हा खोलीत बाई होत्या आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवणारा शिपाई. निधी समितीचा अध्यक्ष मी. कोणाचाही विरोध नाही.

घरी येताना मुंगीला शब्द दिला, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी घसरगुंडी. तिने विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की. तिने चपला हातात घेऊन रस्त्यात उड्या मारल्या. मला एकदम भरून आलं.

४ फेब्रुवारी
संकल्प: रोज सकाळी सहाला उठून निधीवर चिंतन. बोलणं कमी, काम जास्त.

५ फेब्रुवारी
साडेआठला उठलो. पण चिंतन झोपेतच बरंच झालेलं होतं.

९ फेब्रुवारी
योजना तयार. माझी व्याख्यानमाला! विषय ‘बोलकं मूल’. तिकीट लावायचं. समितीचे खजिनदार म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. माणूस हुशार, पण कडू. म्हणाले, माला नको, एकच मणी ओवून बघा. ठीक आहे.

तिकिटं घेऊन रस्ताभर फिरलो. लाँड्रीवाल्यांनी दोन घेतली. विचारत होते की तिकीट घेतलं म्हणजे यायलाच हवं असं काही नाही ना. नाही म्हटल्यावर आणखी दोन घेतली. किती उदार माणूस!

१४ फेब्रुवारी
व्याख्यान झालं. तिकिटांच्या मानाने उपस्थिती बेताची. शिपाई होता (दार लावायचं होतं). मुंगी होती (सतरंजीवर झोपली). सौ. येणार होती, पण ऐन वेळी तिचं डोकं दुखायला लागलं. आमच्या लग्नानंतर ही डोकेदुखी सुरू झाली, अजून निदान नाही.

जमलेल्या पैशांत घसरगुंडीचे स्क्रू येतील असं औषधवाले म्हणाले. सुरुवात तर झाली.

१७ फेब्रुवारी
आज समितीची सभा. मी व्याख्यानाचा आढावा घेतला. आढावा संपल्यावर बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, काय बरं वाटतं ना शांत! आणि तिथल्या तिथे माझ्या डोक्यात कल्पना चमकली. (बाई म्हणतात की त्यांना सुचली. असू दे. मोठ्या माणसाने श्रेयासाठी भांडू नये.)

तर कल्पना अशी. मार्चच्या पहिल्या रविवारी अंगणात एक तास मौन. लोकांनी आधीच आकडा सांगायचा, मौनाच्या दर मिनिटाला इतके पैसे. जितकी मिनिटं शांतता, तितका निधी. आवाज झाला की घड्याळ बंद. मौनं सर्वार्थसाधनम्!

मी म्हटलं, मुलांसमोर आदर्श हवा, म्हणून अध्यक्ष या नात्याने मीही मुलांबरोबर मौन पाळीन. औषधवाल्यांनी चष्मा काढून पुसला. आम्ही हे तुमच्याकडे कसं मागावं तेच कळत नव्हतं, म्हणाले. दातांच्या डॉक्टरीणबाई (त्यांची जुळी मुलं छोट्या गटात आहेत) रुमाल तोंडाला लावून बाहेर गेल्या. भावना अनावर झाल्या असाव्यात.

२० फेब्रुवारी
वर्गणीदार गोळा करतोय. अविश्वसनीय प्रतिसाद. बँकेचे कॅशियर, ज्यांनी आजवर कोणाला फुकट टाचणी दिली नाही, ते माझं बोलणं पुरतं ऐकायच्या आतच आकडा सांगून मोकळे झाले. बेकरीवाल्याने आधी किरकोळ आकडा सांगितला. मग विचारलं, तुम्ही स्वतः पण गप्प बसणार? हो म्हटल्यावर आकडा दहापट केला आणि मला बिस्किटांचा पुडा दिला.

हाच प्रश्न सगळ्यांचा. तुम्ही पण? पूर्ण तास? नेत्याने स्वतः कष्ट उपसले की जनता अशी मागे उभी राहते.

एक तास पार पडला तर घसरगुंडी पूर्ण. औषधवाल्यांनी दोनदा बेरीज केली.

२४ फेब्रुवारी
घरी सराव. दुपारी दोनला मौन सुरू. दोन वाजून थोड्या वेळाने सौ. शब्दकोडं सोडवताना चुकली. चुकीचा शब्द डोळ्यांदेखत लिहिला जात असताना गप्प बसणं हे मौन नव्हे, क्रौर्य आहे. पुन्हा सुरू. मग पोस्टमन आला. त्याला पत्त्याचं महत्त्व समजावलं. पुन्हा सुरू. मग झोप लागली, ती पाचपर्यंत. एकूण तीन तास मौन! सौ. म्हणाली, झोपेतसुद्धा ट्रेनिंग चाललं होतं. बायकांना अतिशयोक्तीची सवय असते.

१ मार्च
मुलांचा सराव घेतला. छे! उकळत्या पाण्यासारखी मुलं. एक गप्प होतं तोवर दुसरं उसळतं. त्यांना मौनाचं महत्त्व सविस्तर सांगितलं. शेवटी बाईंनी मला हाताला धरून खोलीबाहेर आणलं. मी बाहेर आल्यावर आत अगदी शांत झालं, म्हणजे माझ्या सांगण्याचा परिणाम झाला.

बाईंना म्हटलं, मुलांची मला काळजी वाटते. बाई म्हणाल्या, मुलांची काळजी तुम्ही सोडा.

४ मार्च, रविवार
घडलं तसं लिहितो.

अंगण भरलेलं. लाँड्रीवाले रविवारचं गिऱ्हाईक सोडून आलेले. कॅशियर सहकुटुंब. मुलं सतरंजीवर, मी समोर मोठ्या खुर्चीवर. मुंगी पहिल्या रांगेत, दोन्ही तळवे स्वतःच्या तोंडावर दाबून, नजर माझ्यावर. औषधवाल्यांनी घड्याळ सुरू केलं.

लगेच जुळ्यांपैकी एकाला शू लागली. मोठ्याने सांगितलं. संपलं, असं मला वाटलं. पण घड्याळ चालूच! दुसरा ओरडला, मलाही. घड्याळ चालू. मग सतरंजीच्या कोपऱ्यावरून दोघांची मारामारी झाली, एकाने रडून अंगण डोक्यावर घेतलं, मागच्या रांगेने गाणं सुरू केलं. घड्याळ चालूच. आणि एकही मोठा माणूस मुलांकडे बघत नव्हता. सगळे माझ्याकडे. लाँड्रीवाले तर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

हे सरळसरळ फसवून पैसे घेणं! माझ्या अध्यक्षतेखाली! मी ओठ चावले. खुर्चीचे हात घट्ट धरले. पण नियम म्हणजे नियम. अर्धा तास उलटला असेल नसेल, मी उठलो आणि म्हणालो की मौन केव्हाच भंगलेलं आहे, खजिनदार डोळ्यांवर कातडं ओढून बसलेले आहेत आणि घड्याळ ताबडतोब थांबवलं पाहिजे.

औषधवाल्यांनी घड्याळ थांबवलं.

सगळं अंगण एका सुरात हळहळलं. लाँड्रीवाल्यांनी कपाळावर हात मारला. मुंगीने तोंडावरचे तळवे काढले आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही का बोललात, तुमचंच तर मोजत होते. आणि रडायला लागली.

बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. लोकांनी पैसे लावले होते ते माझ्यावर. मुलांचा काही संबंध नव्हता. त्या वयात मुलांना गप्प बसवणं बरं नव्हे, म्हणाल्या. जमलेल्या पैशांत पत्रा येईल, पण शिडीपासून निघून जमिनीपर्यंत पोचणार नाही.

घरी येताना मुंगी बापाच्या खांद्यावर होती. माझ्याकडे तिने पाठ केली होती.

५ मार्च
संताप. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक! सगळ्या रस्त्याला ठाऊक, माझ्या घराला ठाऊक, चार वर्षांच्या मुंगीलाही ठाऊक. मला सोडून सगळ्यांना.

निर्णय: संपूर्ण बहिष्कार. आजपासून या लोकांशी एक अक्षर बोलणार नाही. घरीही नाही. माझ्या शब्दांची किंमत त्यांना आता कळेल. दोन दिवसांत हात जोडत येतील. तत्त्व म्हणजे तत्त्व, मुंगीशीसुद्धा खुणांनीच.

७ मार्च
अजून कोणी आलं नाही. शरमेने तोंड दाखवत नसावेत.

सौ. दिवसभर गुणगुणत असते. वरवर तसं दाखवते, आतून पार खचली आहे. डोकं दुखायचं थांबलं आहे. धक्क्याने होतं असं.

९ मार्च
केस कापायला गेलो. न्हावी एकटाच बोलत होता. इतक्या वर्षांत माझ्या डोक्याशी असताना आपल्याला पहिल्यांदाच बोलायला मिळालं, म्हणाला. त्याला ठरवून काही उत्तर दिलं नाही. त्याने कात्रीचे पैसे घेतले नाहीत. पश्चात्ताप हळूहळू पसरतोय.

रस्त्यात कॅशियरने नमस्कार केला, मागे वळून पुन्हा केला. लाँड्रीवाल्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि शर्टाला फुकट इस्त्री करून दिली. सूनबाईने न मागता दुसरा चहा दिला. सगळे आतून हललेत. पण तोंडाने चूक कबूल करतील तर शपथ.

११ मार्च
आज फार जड गेलं. चिरंजीव जेवताना निधी आणि देणगी यांतला फरक चुकीचा सांगत होता. मी पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. मुंगी टेबलाखालून आली, माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि शाब्बास म्हणाली. तिला माझ्या तत्त्वाचं मोल कळतं. बाकी घर म्हणजे पालथा घडा.

१३ मार्च
कोणीच आलेलं नाही. मी का गप्प आहे, हेही कोणी विचारलेलं नाही. एवढं तरी विचारायला हवं होतं.

१६ मार्च
दुपारी बाईंचा निरोप आला, शाळेत या. म्हटलं, आले अखेर शरण. इस्त्रीचा शर्ट घातला. माफी कशी स्वीकारायची ते वाटेत मनात जुळवलं.

अंगणात टेम्पो उभा. घसरगुंडी बसवून तयार. लाल. थेट जमिनीपर्यंत. जुनीपेक्षा हातभर उंच. मी बघतच राहिलो.

औषधवाल्यांनी हिशेब सांगितला. त्या रविवारी राहिलेली मिनिटं मी पुढे केव्हाही भरून काढली तरी चालतील, असं वर्गणीदारांनी त्याच संध्याकाळी ठरवलं होतं. माझा बहिष्कार दुसऱ्या दिवशी सुरू झाला. बाकीची मिनिटं पहिल्या तासातच फिटली. लोक म्हणाले, थांबवता कशाला, चांगलं चाललंय, घ्या आमच्याकडून आणखी. लाँड्रीवाले म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला, सुंठीचे पैसे द्यायला आमची ना नाही. रस्त्यावरचं त्यांनी मोजलं, घरातलं सौ.ने. झोपेतलं बोलणं तिने धरलं नाही. आता दर उतरवून झोपाळ्यासाठी मोजणं चालू आहे, आज संध्याकाळपर्यंत टिकलं की झोपाळा पक्का.

म्हणजे बारा दिवस मी रुसलो होतो आणि एकालाही ते रुसणं वाटलं नाही. वाईट वाटलं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. घरी निघून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात मुंगी शिडी चढली.

वर गेली आणि थांबली. उंची पाहून घाबरली. मागे रांग ओरडत होती. बाईंनी खालून हात पसरले, बापाने धीर दिला, ती कठड्याला चिकटून बसली. मग तिने गर्दीत मला शोधलं आणि म्हणाली, आजोबा, एक-दोन-तीन म्हणा ना.

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. मी औषधवाल्यांकडे पाहिलं. त्या कडू माणसाने घड्याळ खिशात घातलं आणि तोंड फिरवलं.

म्हणालो, एक, दोन, तीन. बारा दिवसांनी आवाज घोगरा आला. मुंगी सूंकन खाली आली, बूड आपटलं, हसायला लागली. टाळ्याच टाळ्या.

आता लोक टाळ्या वाजवतात, तर आभार नकोत मानायला? मानले. आभार मानताना घसरगुंडीचा इतिहास ओघाने आला. इतिहासातून पंखे आले. औषधवाल्यांनी घड्याळ खिशातून बाहेर काढलं, सगळ्यांना दाखवून बंद केलं. मी थांबलो तेव्हा अंगणात मोठं माणूस कोणी नव्हतं. सौ. तेवढी डोकं धरून फाटकापाशी.

मुंगी पुन्हा वर चढून बसली होती. म्हणाली, पुन्हा म्हणा. झोपाळा तर गेलाच होता, म्हणून चांगलं खणखणीत म्हणालो.