केशराचा झगा

मी लिव्हिने, ब्रूज शहरातले चित्रकार दिवंगत रोलांट यांची पत्नी, धंदा पुस्तकांच्या पानांवर चित्रे व सोनेरी अक्षरे रंगवणे, राहणार कालव्याकाठची चर्मकारांची गल्ली, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हाताचे तसे सांगता येत नाही. उजवा हात मनगटातून लोंबतो, त्यात लेखणी ठरत नाही, म्हणून मी सांगते आणि लेखनिक हुब्रेख्त लिहितात. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला या घरी येतेच कोण? हुब्रेख्त म्हणतात, शेवटचे वाक्य कायद्याला नको आहे. मला हवे आहे, ते राहील.

माझा आत्मा देवाच्या हवाली करते. देह रोलांटच्या शेजारी पुरावा. नंतरचे जेवण साधे असावे: वाटाण्याचे सार, खारवलेले मासे, बिअर. रोलांटच्या वेळी माझे दीर योरिस यांनी हंस भाजून घातले होते. आजही लोक त्या हंसांची आठवण काढतात, रोलांटची काढत नाहीत.

राहते घर माझी एकुलती एक मुलगी कालेकिन, पिंपे बनवणाऱ्या पाउवेल्सची बायको, हिला द्यावे. संत मिकाएलच्या सणापासून, म्हणजे दोन महिने, तिने या घराची पायरी चढलेली नाही. तरी घर तिचेच. रागावलेल्या मुलीलाही छप्पर लागते. उत्तरेच्या खिडकीपाशी पावसात गळते, तिथे भांडे ठेवावे, पण रंगकामाचे टेबल तिथून हलवू नये. तसा उजेड गल्लीत दुसरीकडे नाही.

पेटीत जे काही उरले असेल त्यातून आधी कालेकिनच्या सुईणीचे द्यावे, मग तिच्या होणाऱ्या बाळाची दुपटी घ्यावीत. उरलेल्यावर कोणी भांडू नये, भांडण्याइतके ते नाही.

सोन्याचा वर्ख घोटायचा कुत्र्याचा दात कालेकिनला. तिला दात येत होते तेव्हा ती याची लाकडी मूठ चावत बसायची, त्या खुणा अजून आहेत. खारीच्या शेपटीचे कुंचलेही तिलाच. ती रंगवत नाही हे मला माहीत आहे. तिच्या मुलांपैकी कोणी रंगवील.

निळ्या दगडाची पूड, चामड्याच्या पिशवीतली, देवळातल्या अर्धवट राहिलेल्या प्रार्थनापुस्तकासाठी द्यावी. ती योरिस यांनी दोनदा मागितली आहे. त्यांना देऊ नये.

योरिस यांना माझा पाण्याचा वाडगा द्यावा, ज्याच्या काठावर रोलांट गेल्यापासून मी कुंचल्याचे टोक काढत असे. यात टोमणा आहे, आणि नाहीही. आमच्या धंद्यात सगळे कुंचल्याचे टोक ओठांत धरून काढतात. गुरू तसेच शिकवतो आणि शिष्य तसेच शिकतो. रोलांटला पिवळ्या रंगाचा भारी नाद. हरताळ, ती सोन्यासारखी चमकणारी विषारी पूड, त्याच्याइतका नितळ कोणी लावत नसे, आणि दिवसभर तोच कुंचला त्याच्या ओठांत. आधी त्याचे तळहात टाचेसारखे राठ झाले, मग कातडीवर काळे डाग पडले, मग पोटात अन्न ठरेना. योरिस म्हणतात, दादा पित्ताने गेला. भावोजी, स्वतःचे तळहात एकदा उजेडात धरून बघा. मला तुमचा राग आहे. पण तुम्ही तसे मरावे असे मला वाटत नाही.

रोलांटचा शिक्का. आमच्या चित्रकारांच्या मंडळाचा नियम आहे की सुटे रंगवलेले पान विकायचे तर त्याच्या पाठीवर गुरूचा शिक्का हवा. रोलांटच्या शिक्क्यावर छोटी किल्ली कोरलेली. अंत्यविधीच्या गडबडीत तो योरिस यांनी उचलला, आणि मंडळातल्या एकानेही तोंड उघडले नाही. किल्ली दिसली की लोक डोळे मिटून पान घेतात, कारण रोलांटने कधी खोटा रंग विकला नव्हता. आता तोच शिक्का स्वतःच्या पानांवर मारून योरिस यांनी त्या नावाला हरताळ फासला. तो शिक्का परत घेऊन मंडळासमोर हातोड्याने फोडावा.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिते आहे ते. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता, आजच, कालेकिनला वाचून दाखवावे. तिचे दिवस मेणबत्त्यांच्या सणाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या तोंडाशी, भरतात.

आमच्याकडे बाई अडली की संत मार्गारेटचे चित्र आणतात. मार्गारेट त्या राक्षसी सर्पाच्या पोटातून धडधाकट बाहेर आली, तसे मूल बाहेर यावे म्हणून. बाई चित्राचे चुंबन घेते. सुईण मार्गारेटच्या झग्याचा कोपरा पाण्यात बुडवते आणि ते पाणी तिला पाजते. आजीपासून चालत आले आहे, मी त्याला नावे ठेवत नाही.

योरिस जी पाने विकतात त्यांत हा झगा हरताळाचा असतो. मी त्यांच्या दुकानात जाऊन सांगितले.

"भावोजी, हे पान बायका धुऊन पितात."

"मग? सोन्याचा झगा रंगवू? सुताराच्या बायकोला परवडेल होय, वहिनी?"

"पिवळ्या मातीचा रंगवा."

"मातीचा झगा घातलेली संत कोण घेईल हो? बायकांना चमक लागते. आणि पाजते ती सुईण, मी नाही. शिवाय मार्गारेट काय तिथं झोपा काढते?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. गल्लीतला प्रत्येक पाववाला माशा मारायला दुधाच्या बशीत चिमूटभर हरताळ टाकून ठेवतो. बशीभोवती माशा मरून पडलेल्या असतात. तीच पूड चित्रात गेली की पवित्र होते काय?

याच उन्हाळ्यात पाववाल्याची बायको केर्स्टिने बाळंत झाली. मुलगा ठणठणीत. तिने कळांमध्ये पानाचा कोपरा दातांनी तोडून गिळला होता. नंतर ती नुसती ओकत राहिली आणि गेली. वैद्य म्हणाले, बाळंतज्वर. असेलही. बायका बाळंतपणात मरतात, हे मला कोणी शिकवायला नको. हुब्रेख्त सांगतात की पुरावा नसताना आरोप लिहिता येत नाही. ठीक आहे. मी आरोप लिहीत नाही, मी माझी भीती लिहून ठेवते आहे. तिला कोणता कायदा आडवा येतो?

संत मिकाएलच्या सणाला कालेकिन आली, पोट पुढे, गाल लाल, हातात गुंडाळी.

"आई, काकांनी दिलंय माझ्या बाळंतपणासाठी. झगा बघ ना, कसा झळाळतोय!"

"आण इकडे."

"बघ, पण जपून... अगं आई! फाडतेस काय? संत आहे ती!"

"विष आहे ते."

"तुला काकांचं काही म्हणून सहन होत नाही. बाबा गेले, त्यांचं दुकान चालतं, तुझं नाही चालत, म्हणून जळतेस तू. सगळी गल्ली म्हणते."

"गल्लीला माझ्यापेक्षा रंग जास्त कळतात का?"

"गल्लीला माणसं कळतात," असे म्हणाली आणि पान माझ्या हातातून ओढून घेऊन गेली. त्यानंतर मी तिच्या दारी दोनदा गेले. पाउवेल्स दारातच उभा राहिला. बिचारा टोपी चुरगाळत म्हणाला, "ती झोपलीय, सासूबाई." आत तिच्या चालण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

कालेकिन, मी जळते हे खरे आहे. पण जळणाऱ्या माणसाला विष ओळखता येत नाही असे कुठे आहे? मरणाऱ्याने देवाची शपथ घेऊन सांगितलेले आपल्यात खोटे धरत नाहीत, म्हणून हा सगळा घाट घातला. नाहीतर दोन कुंचले आणि एका वाडग्यासाठी मृत्युपत्र कोण करतो?

सुईण हेयला हिला मी मुद्दाम साक्षीला बोलावले आहे, कारण कालेकिनच्या उशाशी तीच असेल. आत्ता, हे लिहीत असताना, ती म्हणाली, "लिव्हिनेताई, माझी सासूही पाजायची. चित्रानं कोण मरतं?"

मी विचारले, "सासूच्या पानात झगा कसा होता गं?"

"मळकट होता. मातकट." केर्स्टिनेचे पिवळे ओठ तिनेच पुसले होते. मग तिने आपल्या पिशवीतले योरिस यांचे पान काढले आणि टेबलावर पालथे ठेवले. ते पान चुलीत टाकू नये, त्याचा धूर अधिक वाईट. कालव्यातही टाकू नये. चित्र संताचे आहे, म्हणून कापडात गुंडाळून स्मशानाच्या कोपऱ्यात पुरावे. कालेकिनकडचेही तसेच.

त्याच्या बदल्यात मी कालेकिनला संत मार्गारेटचे एक पान देते. भांडणानंतर केले. तेव्हाच हात लुळा पडला होता, म्हणून मनगटाला लाकडी पळी बांधून रंगवले. चित्र वाईट आहे. मार्गारेटचे नाक वाकडे आहे, आणि सर्प गवताच्या रसाचा आहे, वर्षभरात तपकिरी पडेल. सोने नाही, निळा दगड नाही, शिशाचा सफेदा नाही. चेहरा खडूचा, रेघा काजळीच्या, ओठ मंजिष्ठेचे. झगा केशराचा आहे. केशर उजेडात उडून जाते, मंडळाने पाहिले तर दंड करतील. माझ्या हातून इतके गबाळे पान कधी गेले नाही, आणि यावर कोणाचाही शिक्का नाही.

मुली, हे पान बुडव, पी, वाटले तर चावून खा. याचा प्रत्येक रंग मी आधी प्याले आहे. महिनाभर रोज सकाळी कोपरा पाण्यात धरला, पाणी प्याले आणि मार्गारेटच्या झग्याला ओठ लावले. नाक त्यामुळे आणखी पुसट झाले आहे. मी मरते आहे ती जन्मभर ओठांत घेतलेल्या सफेद्याने. हात त्यानेच गेला, हे वैद्याने फादर आर्नाउट यांच्यासमोर सांगितले आहे. या पानाने मला काही झालेले नाही.

आई म्हणून माझे ऐकू नकोस. रंगारी म्हणून ऐक. माझ्यावर रागावलेलीच राहा, हवी तितकी वर्षे राहा, पण ती वर्षे तुला मिळू देत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितले तोच आहे, हुब्रेख्त यांनी मध्येमध्ये नाक मुरडले तरी.

ठिकाण: ब्रूज. संत कॅथरीनच्या सणाचा आदला दिवस, सन १४७१.

साक्षीदार: फादर आर्नाउट, सही. सुईण हेयला, लिहिता येत नसल्याने फुलीची खूण.

मृत्युपत्र करणारीची सही: उजव्या हातात लेखणी ठरत नसल्याने, तिच्या इच्छेवरून, झग्यासाठी भिजवलेल्या केशराच्या उरलेल्या पाण्यात ओठ बुडवून तिने येथे ठसा उमटवला आहे. ठसा सुकण्याची वाट न पाहता, हा कागद आणि नवे पान घेऊन मी व सुईण हेयला कालेकिनच्या घरी निघालो. लेखनिक हुब्रेख्त.