तिघे पोचल्याशिवाय

प्रिय बाळूदादा,

चार महिने हे पत्र टाळलं. आधी शाई नव्हती. मग शाई आणायला रेवसला गेलो, तर धक्क्याला लाँच लागलेली! थेट मुंबईला पोचलो. तुला ठाऊकच आहे मी कसा. आज वहिनीने दौत पुढ्यात आपटली. "लिवा भावजी त्यांना. आता काय ते उलट बोलनार न्हायत."

उद्या सकाळी फटफट्यांची शर्यत आहे, दादा. रेवस ते अलिबाग, आपण विरुद्ध मुंबईच्या कंपनीतले इंग्रज. दोन वर्षं तेच जिंकले. उद्याही जिंकले तर करंडक कायमचा विलायतेला! आणि आपण दोघेच, मी आणि मिठागरावरचा दत्तू. तिघे पोचल्याशिवाय संघ पोचला असं धरायचं नाही, हा नियम तूच घातलास ना? मग मध्येच उठून गेलास कसा?

गेल्या वर्षी मी पहिला आलो, दत्तू दुसरा. तुझी वाट बघतोय, तर तू त्यांच्या तिसऱ्या गड्याची, टॉमसाहेबाची फटफटी दोरीने ओढत आलास. तो वळणावर चिखलात पडला होता म्हणे. वर पाहुणा म्हणून त्यालाच आधी रेषेपार ढकललंस! मी सगळ्यांदेखत ओरडलो, "इंग्रजांना घालवता घालवता नाकी नऊ आले, आणि तू त्यांना हाताला धरून जिंकवतोस?"

तू हळूच विचारलंस, "तू तर म्होरं होतास. तुला दिसला न्हाय व्हय रे तो?"

मी नाही म्हणालो आणि रुसून दिवेआगरला निघून गेलो. सुपारीच्या वाडीत राहिलो. तिथला खरवस काय सांगू... असो. तिथेच कळलं, तापाने गेलास. एवढी कसली घाई? भांडण तरी मिटवू द्यायचंस!

दिसला होता, दादा. हातही वर केला होता त्याने. मी वेग वाढवला.

उद्या दोघे तर दोघे, धावणार. रस्त्यात खरवस दिसो की लाँच, थांबणार नाही. पण कुणी पडलेलं दिसलं तर थांबेन. शब्द देतो.

तुझा उनाड भाऊ,
वसंता

ता. क. दादा, टॉमसाहेब अंगणात उभा आहे! स्वतःची फटफटी त्यांच्या नव्या गड्याला देऊन दुपारच्या लाँचने रिकामा आलाय. मी मान खाली घातली, तर पाठीत थाप मारून म्हणतो, "बालू का जगा हम." वहिनीने गोठ्यातून तुझी फटफटी बाहेर काढलीय आणि त्याला दटावतेय, "चा मंग प्या सायेब, आधी चाक फिरतंय का बगा!"